कावेरीकाठचा अण्णा

प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्या वयात बहुतेक कबड्डीपटू गुडघ्याला तेल चोळत मुलांना शिकवू लागतात. तंजावर जिल्ह्यातल्या धर्मराज चेरलाथनने मात्र तिथून पुढे खरी वाटचाल केली. एका संघातून दुसऱ्या संघात, एका शहरातून दुसऱ्या शहरात!

डिसेंबर २०२१. कोरोनाची धास्ती सरलेली नव्हती. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम बेंगळूरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळवला जात होता. जयपूर पिंक पँथर्सचा विशीतला चढाईपटू अर्जुन देशवाल गुणांची लयलूट करत होता. त्याच संघात आणखी एक खेळाडू होता, वयाने अर्जुनचा बाप शोभेल असा. नाव धर्मराज चेरलाथन. वय वर्षे ४६.

कबड्डी हा काही बुद्धिबळ नव्हे. ऐंशी किलोचा धडधाकट पोरगा अंगावर झेपावतो, त्याचा पाय धरून त्याला जमिनीवर लोळवायचे असते. खांदे निखळतात, बोटे मोडतात, घोटे मुरगळतात. अशा खेळात या माणसाने चाळिशीनंतरही जागा टिकवली. तीही एका संघाचा लाडका म्हणून नव्हे, तर दर एक-दोन हंगामांनी नवी जर्सी चढवत. बेंगळूरू, पाटणा, पुणे, मुंबई, हरियाणा, जयपूर... ज्यांना गरज पडली त्यांनी बोलावले आणि हा गेला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असे गोलंदाज पुष्कळ असतात. नावाचा गाजावाजा नाही, पण हाताला कसब असते, म्हणून दरवर्षी कुठला ना कुठला संघ त्यांना घेतो. आपल्या कबड्डीतला असा फिरस्ता म्हणजे धर्मराज.

भाताच्या मुलखातला सडुगुडु

धर्मराजचा जन्म २१ एप्रिल १९७५ चा, तंजावर जिल्ह्यातल्या तिरुसानमपूंडी गावचा. मराठी माणसाला तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आठवतो. पण तंजावरचा खरा प्राण आहे कावेरीचे पाणी. याच जिल्ह्यात कावेरीवर कल्लणै हे प्राचीन धरण आहे. करिकाल चोळ राजाने ते बांधले असे मानतात. तिथून नदीचे पाणी फाट्याफाट्यांनी, कालव्याकालव्यांनी गावोगाव पसरते आणि नजर पोहोचेल तिथवर भाताची खाचरे दिसतात.

इथले सारे जगणे या पाण्याच्या वेळापत्रकावर चालते. प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात, मग कुरुवै हंगामाची लावणी होते. त्यामागून सांबा हे मोठे पीक येते. जानेवारीत पोंगल. सांबाची कापणी उरकली की शेते मोकळी होतात, माणसांनाही जरा उसंत मिळते. तमिळनाडूच्या खेड्यांत मग दिव्यांच्या उजेडात रात्र-रात्र कबड्डीचे सामने रंगतात. आपल्याकडे जे हुतूतू, ते तिकडे सडुगुडु. कोकणात किंवा सांगली-कोल्हापुरात गावजत्रेच्या वेळी मैदानाभोवती जशी गर्दी होते, तशीच तिथेही होते. आपल्याला त्या मैदानावर परके वाटणार नाही.

धर्मराज पंधरा वर्षांचा होता त्या वर्षी, १९९० मध्ये, बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रथमच पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. भारताने सुवर्ण जिंकले. खेड्यातल्या पोरांसाठी ही मोठी गोष्ट होती. मातीत खेळता खेळता देशासाठी खेळता येते हे त्यांना कळले. तरी कबड्डीतून पैसा मिळवण्याचा मार्ग तेव्हा एकच होता, तो म्हणजे नोकरी. रेल्वे, बँका, पोलीस, सरकारी कंपन्या चांगल्या खेळाडूंना भरती करून घेत आणि संघातून खेळवत. महिन्याचा पगार, वर्षाच्या चार-सहा स्पर्धा आणि पेपरात कोपऱ्यात छापून येणारी चार ओळींची बातमी. धर्मराजच्या पिढीने ऐन तारुण्याची वर्षे अशीच काढली.

मग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचे दिवे लागले. लिलावात सर्वांत महाग खेळाडू ठरला राकेशकुमार. पाटण्याने त्याच्यासाठी १२ लाख ८० हजार मोजले. क्रिकेटच्या मानाने चिल्लरच, पण कबड्डीत एवढी रक्कम कोणी ऐकलीही नव्हती. धर्मराजला बेंगळूरू बुल्सने घेतले. म्हणजे ज्या वयात निवृत्तीचा हार गळ्यात पडतो, त्या वयात घराघरांतल्या टीव्हीवर त्याचा चेहरा झळकू लागला.

थांबणाऱ्याचा खेळ

या वयात तो टिकला कसा? उत्तर त्याच्या जागेत आहे. धर्मराज उजवा कोपरारक्षक. सात बचावपटूंच्या फळीतली दोन टोके म्हणजे दोन कोपरे. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा तो कोपऱ्याच्याच आवाक्यात येतो. त्या क्षणी वाकून त्याचा घोटा धरायचा. चढाईला वेळ असतो जेमतेम ३० सेकंदांचा. पकड क्षणभर आधी टाकली तर चढाईपटू पाय काढून घेतो आणि बचावपटू बाद होतो. क्षणभर उशीर झाला तर बोनस गुण घेऊन तो परत पळतो.

इथे नुसता वेग कामाला येत नाही. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, तो खरोखर आत येणार आहे की हूल देतोय, हे ओळखावे लागते. बाजूच्या गड्याचा हात कधी सोडायचा, साखळी कधी आवळायची, हेही बघावे लागते. तरुण कोपरारक्षक पुष्कळदा उतावीळपणाने मार खातात. हजारो चढाया पाहून ज्याची नजर तयार झाली आहे तो थांबतो. पाय थोडे मंदावले तरी अशा खेळाडूचा अंदाज मंदावत नाही. शिवाय फळी लावायला, घाबरलेल्या पोराला जागेवर उभे करायला मैदानात कोणीतरी मोठे माणूस लागते. म्हणून तर सगळे त्याला ‘अण्णा’ म्हणत. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मराठीत वेगळे सांगायला नकोच!

एका वर्षात दोन चषक

२०१५ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरू बुल्स अंतिम फेरीत पोहोचले. मुंबईकरांना तो दिवस आठवत असेल. अनुपकुमारच्या यू मुंबाने घरच्या मैदानावर ३६-३० ने बाजी मारली आणि बुल्सना रिकाम्या हाताने परतावे लागले.

पण २०१६ हे वर्ष धर्मराजचे होते. चौथ्या हंगामासाठी पाटणा पायरेट्सने त्याला घेतले आणि थेट कर्णधार केले. संघात परदीप नरवालसारखा चढाईतला वाघ होता आणि डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली. या तरण्याबांड संघाला बांधून ठेवायचे काम ४१ वर्षांच्या अण्णाकडे आले. ३१ जुलैला हैदराबादेत पाटण्याने जयपूरला ३७-२९ असे हरवून विजेतेपद राखले आणि चषक धर्मराजच्या हाती आला.

तीन महिने होत नाहीत तोच अहमदाबादला विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या चौदा जणांत धर्मराज होता. सलामीलाच कोरियाने ३४-३२ असा धक्का दिला. २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे होता. उत्तरार्धात अजय ठाकूरच्या चढायांनी चित्र पालटले आणि भारताने ३८-२९ ने विश्वचषक जिंकला. एकाच वर्षात लीगचा चषक आणि जगाचाही.

इथे थांबला असता तर कोणी नाव ठेवले नसते.

पुन्हा बॅग भरली

लीगचा नियम निष्ठुर असतो. संघ मोजक्याच खेळाडूंना राखतो, बाकीच्यांच्या नशिबी पुन्हा लिलाव. विजेत्या कर्णधारालाही तो चुकला नाही. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाले आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला १४ ऐवजी २२ सामने आले. बेचाळिशीच्या शरीराला हे झेपेल का? पुणेरी पलटणने हो म्हटले. तिथे डाव्या कोपऱ्यात आपला गिरीश इर्नाक, उजवीकडे धर्मराज. त्याच वर्षी तमिळनाडूला ‘तमिळ थलैवाज’ हा पहिला हक्काचा संघ मिळाला होता. कावेरीकाठचा सर्वांत अनुभवी गडी मात्र मुठेकाठी खेळत होता!

पुढच्या वर्षी तो यू मुंबात आला. तिथे त्याला पाटण्याचा जुना जोडीदार फझल भेटला. तो तेव्हा एक कोटीचा खेळाडू झाला होता. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई त्या हंगामात चढायांनी गाजला. प्रेक्षक टाळ्या चढाईला देतात. कोपऱ्यातल्या माणसाची आठवण होते ती पकड सुटली की.

२०१९ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला कर्णधारपद दिले. गंमत पाहा, संघाचा प्रशिक्षक होता राकेशकुमार. तोच, २०१४ चा सर्वांत महाग खेळाडू. तो धर्मराजपेक्षा सात वर्षांनी लहान. धाकटा बाकावर बसून शिकवतोय आणि थोरला मॅटवर घाम गाळतोय, असे दृश्य खेळात क्वचितच दिसते. हरियाणा बाद फेरीपर्यंत गेला, तिथे यू मुंबाने ४६-३८ ने त्याची वाट अडवली. त्यानंतर जयपूर, आणि ते रिकामे सभागृह.

मॅटवरून उतरल्यावर धर्मराज घरच्या संघात आला, पण वेगळ्या वेषात. २०२४ च्या अकराव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने उदयकुमार यांना मुख्य प्रशिक्षक आणि धर्मराजला डावपेचांचा प्रशिक्षक नेमले. इतके संघ फिरून झाले, पण आपल्या राज्याच्या संघाची जर्सी घालून मॅटवर उतरायचे राहूनच गेले. उतरला तो हातात शिट्टी घेऊन.

कबड्डीत आता कोटीच्या बोली लागतात, विशीतल्या पोरांची पोस्टर्स छापली जातात. ते हवेच. पण ज्या पिढीचे तारुण्य पैसा येण्याआधीच सरले, तिच्यातला एक जण मागे राहून हळहळत बसला नाही. मिळेल त्या संघात, मिळेल त्या वर्षी, आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. कावेरीच्या मुलखातला शेतकरीही दुसरे काय करतो? पाणी उशिरा आले म्हणून तो लावणी सोडून देत नाही.