'प्रत्येक' कुठपर्यंत पोहोचतो?

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलू. समजा, लकडगंजात एका सागवानाच्या वखारीचे तीन भागीदार आहेत. त्यांच्या इंग्रजी करारात एक कलम आहे: 'इफ एव्हरी पार्टनर ऑब्जेक्ट्स, द सेल इज ऑफ.' म्हणजे, प्रत्येक भागीदाराने हरकत घेतली, तर विक्री रद्द. आता हरकत एकानेच घेतली. विक्री रद्द झाली का? नाही.

'एव्हरी' हा शब्द भागीदारांकडे एकेक करून पाहतो, म्हणून नाम आणि क्रियापद दोन्ही एकवचनी. आपल्या 'प्रत्येक'चंही तसंच. पण त्या एकवचनाला आपण फसू नये. 'जर'च्या उपवाक्यातला 'एव्हरी' त्या उपवाक्यातच थांबतो. तिघांच्याही हरकती आल्या, तरच अट पुरी होते. त्या जागी 'एनी' असता, तर एकाची हरकतही पुरली असती. तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९६० च्या 'वर्ड अँड ऑब्जेक्ट'मध्ये या दोन शब्दांतला हाच फरक दाखवला आहे. मराठीत तिथे 'कोणत्याही एका भागीदाराने' असं म्हणावं लागेल.

तेव्हा असं कलम लिहिताना आपण आधी विचारू: एकटा अडला, तर सौदा अडायला हवा का? उत्तर 'हो' असेल, तर 'प्रत्येक' खोडू. नाहीतर त्या एकट्याचा हक्क एका शब्दापायी जातो.