घरगुती उपकरणांचे विज्ञान : कंट्रोलरच्या बॅटरीची पातळी

वायरलेस गेम कंट्रोलरच्या बॅटरीत किती वीज उरली आहे, हे पाहण्याची सोय सर्व प्रमुख यंत्रणांत असते. प्लेस्टेशन ५ वर पीएस बटण दाबून उघडणाऱ्या नियंत्रण केंद्रात, एक्सबॉक्सवर मुख्य पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, तर निन्टेंडो स्विचवर होम मेन्यूतील कंट्रोलर्स या विभागात ही पातळी दिसते. मात्र पडद्यावरचे हे चिन्ह प्रत्यक्ष मोजमाप नसून बहुधा अनुमान असते.

सेलमधील उरलेला विद्युतभार टाकीतल्या पाण्यासारखा थेट पाहता येत नाही. सहज मोजता येतो तो विद्युतदाब, म्हणजे धारेला पुढे ढकलणारा जोर, जो व्होल्टमध्ये सांगतात. लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर हा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, पुढे बराच काळ तो ३.७ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने कोसळतो. त्यामुळे मधल्या टप्प्यात दाबातील अगदी किरकोळ फरकामागे मोठा विद्युतभार दडलेला असतो, आणि तासन्‌तास स्थिर वाटणारी पातळी अखेरीस एकाएकी संपल्यासारखी भासते. त्यातच कंपनाच्या मोटरी फिरू लागल्या की धारा वाढते, सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घटकांकडून धारेला होणारा अडथळा, दाब तात्पुरता खाली आणतो; याउलट चार्जिंगची केबल जोडलेली असताना तोच दाब चढा दिसतो.

अशा स्थितीत मोजक्याच पायऱ्या दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. विंडोजमधील एक्सइनपुट ही प्रणाली सेलचा प्रकार आणि रिकामा, कमी, मध्यम, पूर्ण अशा चारच पातळ्या कळवते. लिनक्समधील सोनीच्या कंट्रोलरांसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यात दुवा साधणारा प्रोग्राम, याहून उद्बोधक आहे. ड्युअलसेन्स हा प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर आपली पातळी दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत कळवतो, आणि ३० ते ३९ या टप्प्यासाठी ड्रायव्हर त्याचा मध्य धरून ३५ हा आकडा पुढे देतो. म्हणून तेथे ३४ किंवा ३६ टक्के कधीच दिसत नाहीत. ब्लूटूथच्या प्रमाणित बॅटरी-सेवेत ० ते १०० मधील कोणताही पूर्णांक पाठवता येतो, परंतु आकडा बारीक झाल्याने मोजमाप बारीक होत नाही.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन एए सेल बसतात, आणि तेथे सेलच्या रसायनाचा प्रश्न येतो. अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो, तर पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल बहुतेक काळ १.२ व्होल्टच्या जवळ टिकून राहतो; एकासाठी ठरवलेली मोजपट्टी दुसऱ्याला लावली, तर बरीच वीज शिल्लक असतानाही पातळी कमी दिसू शकते.

शिवाय टक्केवारी हे केवळ गुणोत्तर आहे. ड्युअलशॉक ४ या सोनीच्याच आधीच्या कंट्रोलरची क्षमता १००० मिलिअँपिअर-तास, तर ड्युअलसेन्सची १५६० असल्याने दोहोंवरील ५० टक्क्यांत सारखा विद्युतभार नसतो; आणि जुन्या झालेल्या बॅटरीची क्षमताच घटलेली असल्यामुळे, तिच्यावर चिन्ह पूर्ण दिसले तरी खेळाचे तास पूर्वीपेक्षा कमीच मिळतात.