चक्कर का येते? कान, डोळे आणि शरीराचा तोल

कोल्हापूरहून गगनबावडामार्गे कोकणात जाणारी एस. टी. करूळ घाट उतरू लागली की दोन-चार प्रवाशांना हटकून 'गाडी लागते'. उलटी होते म्हणून आपण पोटाला दोष देतो. पण याचे मूळ कानात आणि डोळ्यांत असते.

कान ऐकण्यासाठी असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच्या आतल्या भागात, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणारे एक इवलेसे इंद्रियही आहे. त्यात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव किंचित मागे राहतो आणि तेथील केसासारखे बारीक तंतू वाकतात. डोके कोणीकडे वळले, ही खबर मेंदूला मिळते. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. डोके किती कलले, गाडी निघाली की थांबली, हे त्यांच्यामुळे कळते. फुगडी थांबल्यावरही घर फिरताना दिसते, कारण शरीर थांबले तरी नलिकांतील द्रव काही क्षण फिरतच असतो.

व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी कान धुताना रोग्यांना चक्कर का येते, याचा शोध घेत होते. थंड पाण्याने डोळे एका बाजूला झटके देत, गरम पाण्याने उलट बाजूला. पाण्याच्या थंड-गरमपणामुळे कानातील द्रव हलतो, हे त्यांनी ओळखले. या कार्याबद्दल त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरी करून पाहा

हे पान समोर धरा आणि मान डावी-उजवीकडे हलवत वाचा. अक्षरे वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून पान तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतील. मान हलते तेव्हा कानाच्या खबरीवरून डोळे तेवढेच उलट फिरतात, म्हणून नजर स्थिर राहते.

तिसरी खबर तळपाय, स्नायू व सांधे देतात. तिन्ही खबरी जुळल्या की आपण सरळ उभे राहतो. घाटात नजर मोबाईलवर असेल तर डोळे सांगतात 'स्थिर आहे', कान सांगतो 'वळतो आहे'. मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. ड्रायव्हरची नजर पुढच्या वळणावर असते, म्हणून त्याला सहसा त्रास होत नाही. आपणही पुढे बसावे, दूरवर पाहावे, वाचू नये.

दुखणे कधी समजावे?

अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरते आणि मिनिटाभरात थांबते, असे पुष्कळांना होते. कोणी पित्त म्हणतो, कोणी देवऋषीकडे नेऊन उतारा टाकतो. बहुधा पिशवीतील चुन्याचे कण सुटून नलिकेत गेलेले असतात. डोके ठराविक क्रमाने वळवून ते जागेवर आणण्याची रीत अमेरिकेचे डॉ. जॉन एप्ले यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. डॉक्टर ती काही मिनिटांत करतात, ऑपरेशन लागत नाही.

क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी काहींच्या आतल्या कानाला कायमची इजा होई. अशी माणसे उजेडात नीट चालतात, पण अंधारात डोळ्यांची मदत गेली की झोकांड्या खातात. त्यांना दारूडे समजून हसू नये. वय झाल्यावर तिन्ही खबरी मंदावतात, मधुमेहात तळपाय बधिर होऊ शकतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या वाटेवर रात्री लहान दिवा ठेवा, मोरी कोरडी ठेवा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

चकरेबरोबर तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले, तर ते मेंदूच्या झटक्याचे लक्षण असू शकते. क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठा. एरवी वारंवार चक्कर येणाऱ्याने सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागात दाखवावे.

आणि परांचीवर चढणाऱ्या, फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ राबणाऱ्या बांधवांनी चक्कर अंगावर काढू नये. त्या दिवशी मुकादमाला सांगून खालचे काम घ्यावे. एका दिवसाची हजेरी बुडली तरी भरून काढता येते. वरून पडलेला माणूस मात्र सारे घर खाली आणतो.