गुडघ्याखालची उशी

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये त्यांचा डावा गुडघा बदलला, आणि २००१ मध्ये उजवा. ऑपरेशन केलं ते न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. "गुडघा बदलतात म्हणजे काय?" हा प्रश्न तेव्हा बऱ्याच घरांत पहिल्यांदा विचारला गेला. आज आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले आजी-आजोबासुद्धा रेल्वेत बसून सुरतेला जातात आणि नवा गुडघा घेऊन येतात. पण मित्रांनो, ऑपरेशन तास-दोन तासांचं. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते, आणि त्यात पेशंटला नापास करणारी वस्तू कोणती माहीत आहे? उशी!

कारण सोपं आहे. ऑपरेशननंतर गुडघ्यात सूज असते, पाणी साठतं. सुजलेल्या सांध्याला साधारण ३० अंश वाकून राहिलं की बरं वाटतं. मग सून किंवा नातू प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतो. दुखणं थांबतं, आजी झोपते. पण असं रोज चाललं तर गुडघ्यामागचे स्नायू आणि आवरण आखडतं आणि पाय पूर्ण सरळ होणंच बंद होतं.

थोडा वाकडा राहिला तर काय बिघडलं? मेसच्या रांगेत गुडघे जरासे वाकवून पाच मिनिटं उभे राहून बघा. मांड्या भरून येतील. सरळ पायावर उभं राहायला स्नायूंना फारसं काम नसतं, वाकलेल्या पायावर मात्र ते सतत करावं लागतं. म्हणजे लाखभर रुपये खर्चून बसवलेला सांधा चांगला, पण माणूस चार पावलांत दमतो.

यावर उपाय म्हणजे पाय योग्य स्थितीत धरणारा आधार. गुडघा मोकळा ठेवायचा आणि टाचेखाली उंचवटा द्यायचा. पायाच्या स्वतःच्या वजनानेच गुडघा हळूहळू सरळ होतो. फोमचा ठोकळा, थोडा पट्टा, झालं डिव्हाइस! फायनल इयरचा प्रोजेक्ट एका रविवारी तयार...

थांबा. आपण इंजिनिअर आहोत, आधी हिशोब करू. ६० किलोच्या माणसाचा एक पाय अंदाजे साडेनऊ किलोचा. एक टोक खुब्याला, दुसरं टाचेवर, म्हणजे टाचेवर साधारण ४ किलो येतात. टाचेचा ५ सेंमी बाय ५ सेंमी भाग टेकतो असं धरलं, तर दाब येतो सुमारे १६ किलोपास्कल. ब्लड प्रेशरच्या भाषेत १२० मिलिमीटर पारा! त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब ३० च्या आसपास असतो. म्हणजे तिथलं रक्त थांबणार. तासन् तास असं राहिलं तर टाचेला जखम, आणि डायबेटिसवाल्यांना ती कळतही नाही. आधार पोटरीकडे सरकवला तर टाच वाचते, पण गुडघा सरळ करणारा जोर कमी होतो. मधली जागा कुठे, हे टेस्ट करूनच ठरतं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड: याचा खरंच उपयोग होतो का? इथे एक मोठा धडा आहे. कॅनडाचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांच्या संशोधनातून १९७० च्या दशकात एक कल्पना पुढे आली: मशीनने सांधा सतत हलवत ठेवायचा. पुढे अशी मोटरवाली मशीन जगभर गुडघ्याच्या पेशंटला लावली गेली. पटण्यासारखंच होतं ना? २०१४ साली कोक्रेनच्या आढाव्यात २४ चाचण्या, १४४५ पेशंट एकत्र तपासले. मशीनमुळे गुडघा सरासरी किती जास्त वाकला? २ अंश! साध्या कोनमापकाने हाताने मोजताना यापेक्षा जास्त चूक होऊ शकते.

म्हणून आपल्या ठोकळ्याची तुलना 'काहीच नाही' याच्याशी करून चालणार नाही. ती करायची घरातल्या गोधडीच्या गुंडाळीशी, जी टाचेखाली ठेवायला एक पैसाही लागत नाही. कोणाला ठोकळा, कोणाला गोधडी हे चिठ्ठी काढून ठरवायचं. कोन मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते सांगायचं नाही. रोज किती वेळ वापर झाला, टाच लाल झाली का, याची नोंद ठेवायची. आणि यातलं काहीही पेशंटवर करण्याआधी सर्जन, एथिक्स कमिटी आणि पेशंटची संमती हवीच. २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली येतात, 'घरगुती जुगाड' म्हणून सुटका नाही. आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून काम करतात ते याचसाठी.

शेवटची टेस्ट मात्र आपल्याच जिल्ह्यात हवी. हॉस्पिटलचा बेड सपाट असतो, आपल्याकडची बाज मध्ये झोळीसारखी खचते. तिच्यावर कोन बदलतो, म्हणजे आधाराची उंचीही बदलते. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावर फिजिओथेरपिस्ट रोज कुठून येणार? तिथे डिव्हाइस आजीला एकटीला लावता-काढता आलं पाहिजे, धुता आलं पाहिजे, आणि लाईट नसतानाही चाललं पाहिजे. लॅबमध्ये पास आणि बाजेवर नापास, तर मार्क शून्य!

आणि समजा चाचणीत गोधडीच जिंकली, तर वाईट वाटून घेऊ नका. तोही निकालच आहे, आणि त्यात पेशंटचे पैसे वाचतात. तोवर सुट्टीत घरी गेलात आणि कोणाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांना एवढं विचारा, "उशी नेमकी कुठे ठेवायची?"