दोन मोटारींचे मॉडेल विमान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका मोटारीच्या मॉडेल विमानात ओढ नाकाच्या रेषेतच असते. दोन मोटारी पंखांवर बसवल्या की ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना वाटली जाते, आणि एका बाजूची ओढ थोडी जरी कमी पडली तरी नाक त्या बाजूला वळते. अशा विमानाच्या वायरिंगमध्ये मुख्य काम एकच: दोन्ही बाजूंना सर्व बाबतींत सारखे ठेवणे. पुढच्या उदाहरणांत ३ सेलची, २२०० मिलिअँपिअर-तासांची लिपो बॅटरी आणि पूर्ण थ्रॉटलला प्रत्येकी १५ अँपिअर घेणाऱ्या दोन ब्रशलेस मोटारी धरल्या आहेत.

गैरसमज १: एकच मोठा स्पीड कंट्रोलर दोन्ही मोटारींना पुरतो.

वस्तुस्थिती: ब्रशच्या मोटारींच्या बाबतीत हे चालते, कारण प्रवाहाची दिशा बदलण्याचे काम त्या मोटारी स्वतःच करतात. ब्रशलेस मोटारीत ते काम कंट्रोलरकडे असते. रोटर कुठे पोचला हे तो त्या क्षणी मोकळ्या असलेल्या वेटोळ्यातल्या विद्युतदाबावरून ओळखतो आणि तीन वायरींना आळीपाळीने प्रवाह देतो. दोन मोटारींचे रोटर एका क्षणी एकाच स्थितीत नसतात. दोघींना एकच कंट्रोलर जोडला तर त्याला कुणाचाच नीट अंदाज लागत नाही; मोटारी थरथरतात, तापतात आणि कंट्रोलर जळू शकतो. प्रत्येक मोटारीला स्वतंत्र कंट्रोलर हवा, तोही एकाच मॉडेलचा आणि त्याच सेटिंगचा. येथे प्रत्येकी २० ते ३० अँपिअरचा कंट्रोलर योग्य ठरतो.

गैरसमज २: दोन मोटारींना दोन वेगळ्या बॅटऱ्या दिल्या की विमान अधिक सुरक्षित.

वस्तुस्थिती: वेगळ्या बॅटऱ्या एकाच वेळी संपत नाहीत. एक आधी उतरली की त्या बाजूची मोटार बंद पडते, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. एका बॅटरीतून दोन्ही कंट्रोलरना पॅरलल जोडणी देणे हा सरळ मार्ग आहे. तेव्हा दोघांना दाब सारखा मिळतो आणि प्रवाहाची बेरीज होते: १५ अधिक १५, म्हणजे ३० अँपिअर. २५ सी क्षमतेची, म्हणजे अँपिअर-तासांच्या २५ पट प्रवाह देऊ शकणारी, २२०० ची बॅटरी कागदोपत्री ५५ अँपिअर देते, त्यामुळे ती पुरेशी आहे. मात्र सतत पूर्ण थ्रॉटल ठेवल्यास ती साडेचार मिनिटांच्या आत संपेल. बॅटरीपासून फाट्यापर्यंतची वायर आणि कनेक्टर पूर्ण ३० अँपिअर पेलणारे हवेत. एक्सटी-६० कनेक्टर त्यासाठी पुरतो. दोन बॅटऱ्या वापरायच्याच असतील तर त्या सारख्या सेलच्या, सारख्या चार्जच्या असाव्यात आणि पॅरलल जोडाव्यात. एक भरलेली आणि एक उतरलेली बॅटरी जोडली तर एकीतून दुसरीत मोठा प्रवाह धावतो.

गैरसमज ३: दोन्ही कंट्रोलरच्या लाल वायरी रिसीव्हरला जोडल्या तर जास्त वीज मिळते.

वस्तुस्थिती: कंट्रोलरची बारीक लाल वायर त्यातल्या बीईसी या वीजपुरवठा सर्किटकडून रिसीव्हरला आणि सर्व्होंना सुमारे ५ व्होल्ट देते. दोन बीईसींचे दाब तंतोतंत सारखे नसतात, आणि स्विचिंग प्रकारचे बीईसी एकमेकांशी झगडतात. म्हणून एका कंट्रोलरच्या प्लगमधून लाल वायरीची पिन टोकदार सुईने खिट्टी उचलून बाहेर काढतात आणि हीट श्रिंकने झाकतात. वायर कापायची गरज नाही. काळी किंवा तपकिरी ग्राउंडची वायर मात्र काढू नये; तिच्याशिवाय सिग्नलला संदर्भच उरत नाही.

गैरसमज ४: वायर कुठूनही लांब केली तरी फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. बॅटरीकडची वायर लांबली की तिच्या इंडक्टन्समुळे प्रत्येक वेळी दाबाचे झटके बसतात आणि कंट्रोलरमधले कपॅसिटर तापून निकामी होतात. शक्यतो कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवून मोटारीकडच्या तीन वायरी लांबवाव्यात. दोन्ही बाजूंना लांबी आणि जाडी सारखी असावी. कंट्रोलर पंखावर मोटारीमागेच बसवायचा असेल तर त्याच्या तोंडाशी लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर जोडतात. दर १० सेंटिमीटर जादा लांबीला २२० मायक्रोफॅरड हा ढोबळ हिशेब. कंट्रोलर कुठेही असो, त्याला वारा लागला पाहिजे, आणि हवा बाहेर जाण्याचे छिद्र आत येण्याच्या छिद्रापेक्षा मोठे हवे.

गैरसमज ५: मोटार उलटी फिरवायला बॅटरीच्या वायरींची अदलाबदल करावी.

वस्तुस्थिती: तसे केल्यास कंट्रोलर तत्काळ जळतो. मोटारीच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल पुरते. उलट्या मोटारीला प्रॉपेलरही उलट्या पिळाचा लागतो. नेहमीचा प्रॉपेलर पालथा घालून काम होत नाही, कारण पालथा घातल्याने त्याचा पीळ बदलत नाही.

गैरसमज ६: दोन प्रॉपेलर विरुद्ध दिशांनाच फिरले पाहिजेत.

वस्तुस्थिती: १९४७ मध्ये श्रीनगरला भारतीय जवान उतरवणाऱ्या डाकोटा विमानाचे दोन्ही प्रॉपेलर एकाच दिशेने फिरत. मॉस्किटो विमानाचेही तसेच; धावपट्टीवर ते एका बाजूला ओढ घेई आणि वैमानिक एक थ्रॉटल किंचित आधी पुढे नेऊन ते सावरत. पी-३८ लाइटनिंग विमानात मात्र विरुद्ध दिशांची योजना होती. मॉडेलमध्ये ती सोयीची आहे, पण अनिवार्य नाही.

गैरसमज ७: एक मोटार बंद पडली तर दुसरीला पूर्ण थ्रॉटल देऊन परतता येते.

वस्तुस्थिती: कमी वेगात एकाच बाजूला पूर्ण ओढ दिली तर रडर अपुरा पडतो, पंख कलंडतो आणि विमान गिरक्या घेत खाली येते. थ्रॉटल कमी करून, नाक खाली ठेवून उतरणे हाच उपाय. अशी वेळ टळावी म्हणून दोन्ही कंट्रोलरची थ्रॉटल मर्यादा एकाच वेळी कॅलिब्रेट करतात, कमी दाबाला मोटार एकदम बंद न करता हळूहळू मंदावणारे सेटिंग दोन्हीकडे ठेवतात आणि प्रत्येक मोटारीचे वॉट व फेरे मोजून पाहतात. पहिली जोडणी प्रॉपेलर न लावता करावी. बॅटरीच्या लाल वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सीरिजमध्ये ठेवला तर चूक लगेच दिसते: जोडणी ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो, शॉर्ट असेल तर पेटलेलाच राहतो.

गैरसमज ८: हे खेळणेच आहे, नवी मुंबईजवळच्या सुकापूरच्या मोकळ्या मैदानात उडवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल विमानांचाही समावेश आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडत आहेत आणि सुकापूर त्या ८ किलोमीटरच्या आत येते. सोल्डरिंग, कॅलिब्रेशन आणि प्रॉपेलरविना चाचणी घरी करता येते. उड्डाणासाठी मात्र डिजिटल स्काय नकाशावर हिरवा विभाग पाहून दूरची जागा निवडावी लागते.