गुणकाचे कुलूप आणि पेन्सिलीची रेघ

संगणकाच्या पेटीत जे अनेक भाग असतात, त्यांपैकी आकडेमोडीचे प्रत्यक्ष काम करणारा भाग म्हणजे प्रक्रियक. व्यवहारात त्यास प्रोसेसर म्हणतात. इ. स. २००० च्या जून महिन्यात एएमडी या अमेरिकन कंपनीने ‘ड्युरॉन’ नावाचा एक अल्पमोली प्रक्रियक विक्रीस आणला. त्याच्या एका प्रकाराचा वेग ६०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदास ६० कोटी स्पंद, असा छापलेला असे. थोड्याच काळात हौशी प्रयोगकर्त्यांस असे आढळून आले की, या प्रक्रियकाच्या वरच्या पृष्ठावरील चार बारीक तुटलेल्या रेघा साध्या शिसपेन्सिलीने सांधल्या, तर तोच प्रक्रियक पुष्कळदा ९०० मेगाहर्ट्‌झ वेगाने चालविता येतो.

पेन्सिलीच्या रेघेने यंत्राचा वेग दीडपट व्हावा, हे प्रथम ऐकणारास नवल वाटेल. या नवलाचा उलगडा करू गेल्यास दोन निरनिराळ्या गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे कारखानदाराने घातलेले कुलूप, आणि दुसरी म्हणजे पदार्थाने घातलेली मर्यादा. पेन्सिलीने पहिली दूर होते, दुसरी होत नाही. या दोहोंतील भेद समजावून देणे हाच प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

ठेका आणि दुगुन

संगणकातील सर्व भाग एका ठेक्यावर चालतात. क्वार्ट्‌झच्या स्फटिकाच्या कंपनांवरून हा ठेका सिद्ध केला जातो, आणि तो मदरबोर्ड नावाच्या मुख्य फलकावरून सर्व भागांस पोचविला जातो. ड्युरॉनच्या फलकावर हा मूळ ठेका १०० मेगाहर्ट्‌झचा होता. परंतु प्रक्रियकाच्या अंतर्भागातील तारा अतिशय आखूड असल्यामुळे त्यास याहून पुष्कळ जलद काम करणे शक्य असते. यास्तव प्रक्रियक बाहेरच्या एका ठेक्यात आपली अनेक आवर्तने उरकतो. किती उरकावयाची, ते सांगणारी संख्या म्हणजे गुणक.

आपल्या संगीतात याचा चांगला दाखला सापडतो. तबलजी ठेका तोच ठेवतो, आणि गायक त्याच ठेक्यावर दुगुन, तिगुन, चौगुन घेतो. गायकाची लय वाढली म्हणून तबलजीस घाई करावी लागत नाही. प्रक्रियकाचेही तसेच आहे. मूळ ठेका १०० आणि गुणक ६ असला की वेग ६०० होतो. गुणक ९ केला की ९०० होतो.

वेग वाढविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मूळ ठेकाच जलद करणे. परंतु त्या काळच्या फलकांवर स्मृती, चित्रपत्र आणि इतर जोडपत्रे यांचे ठेके त्याच मूळ ठेक्यास भागून काढलेले असत. १०० ला ३ ने भागून जोडपत्रांस सुमारे ३३ मेगाहर्ट्‌झ मिळत. मूळ ठेका वाढविला की प्रत्येकाचा ठेका वाढे, आणि त्यांपैकी सर्वांत दुबळा भाग प्रथम अडखळे. इंटेल कंपनीच्या १९९८ सालच्या ‘सेलेरॉन ३००ए’ या प्रक्रियकाचा गुणक ४.५ वर कायमचा बांधलेला होता. हौशी लोकांनी त्याचा मूळ ठेका ६६ वरून १०० वर नेऊन ४५० मेगाहर्ट्‌झ वेग साधला. परंतु ते साधण्यास फलक व स्मृती यांचीही साथ असावी लागे. गुणक बदलण्याचा मार्ग म्हणूनच अधिक सोयीचा ठरतो. त्यात केवळ प्रक्रियकाचा वेग वाढतो, इतरांस त्याचा उपद्रव होत नाही.

कुलूप कशासाठी?

गुणक बदलणे इतके सोपे, तर कारखानदाराने तो बांधून का ठेवावा, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर प्रक्रियक ज्या रीतीने तयार होतात तीत आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो प्रक्रियक एकाच वेळी घडविले जातात. सर्वांचा आराखडा एकच. तथापि एकाच भट्टीतील विटांप्रमाणे त्यांच्या गुणांत थोडे अंतर पडते. प्रत्येकाची परीक्षा घेऊन जो जितक्या वेगाने खात्रीने चालेल तितका आकडा त्यावर छापतात. शिवाय बाजारात स्वस्त मालास मागणी अधिक असली, तर जलद चालू शकणाऱ्या मालावरही कमी आकडा छापून तो विकला जातो. छापलेला आकडा हे कारखानदाराचे आश्वासन आहे. तो प्रक्रियकाच्या सामर्थ्याची अखेरची सीमा असेलच असे नाही.

याच अंतराचा गैरफायदा १९९० नंतरच्या दशकात काही व्यापाऱ्यांनी घेतला. कमी वेगाच्या प्रक्रियकावरील अक्षरे पुसून ते अधिक वेगाचे नाव छापीत आणि अधिक किंमत घेत. ग्राहकास तो फसविला गेल्याचे पुष्कळदा कळतही नसे. गुणक बांधून टाकल्याने या लबाडीस आळा बसला. त्याबरोबरच महाग व स्वस्त मालातील अंतरही राखले गेले, हे कारखानदाराच्या हिताचेच होते. कुलपामागे ही दोन्ही कारणे होती.

चार सेतू, सोळा गुणक

ड्युरॉन, आणि त्याच महिन्यात आलेला त्याचा थोरला भाऊ ‘ॲथलॉन थंडरबर्ड’, यांचा सिलिकॉनचा तुकडा चिनी मातीच्या जातीच्या एका चौकोनी तबकडीवर बसविलेला असे. या तबकडीच्या पृष्ठावर बारीक धातुरेघांचे अनेक समूह दिसत. ‘एल १’ असे नाव असलेल्या समूहात चार रेघा होत्या. त्यांना सेतू म्हणत. गुणकाचा संदेश वाहून नेणाऱ्या चार वाहिन्या या सेतूंवरून तबकडीच्या पिनांपर्यंत पोचत. सेतू अखंड असले, तर फलकास तो संदेश बदलता येई. ते लेसर किरणाने छेदलेले असले, तर कारखान्यात ठरविलेला गुणकच कायम राही.

प्रत्येक वाहिनीवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी दोनच चिन्हे संभवतात. चार वाहिन्यांची मिळून २ × २ × २ × २, म्हणजे १६ जुळण्या होतात. अर्ध्याअर्ध्याच्या पायरीने ५ पासून १२.५ पर्यंतचे गुणक मोजून पाहावेत. तेही बरोबर १६ भरतात.

छेदलेले सेतू पुन्हा सांधण्यास पेन्सिल कशी पुरली? आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो खरे, परंतु तिच्यात शिसे नसते; ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. ग्रॅफाइट हे कार्बनचे रूप आहे. त्यातील अणू थरांनी रचलेले असून थरांमधून काही इलेक्ट्रॉन मोकळेपणाने फिरतात, म्हणून ते विजेचे वाहक आहे. हिराही कार्बनच, पण त्यातील इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असल्याने तो वाहक नाही. पेन्सिलीच्या रेघेचा विद्युत्‌रोध धातूच्या रेघेहून पुष्कळ अधिक असतो. तथापि या सेतूंवरून केवळ संदेश जावयाचा असतो, मोठा प्रवाह जावयाचा नसतो. त्यामुळे ती रेघ पुरते. मऊ पेन्सिलीत चिकणमाती कमी व ग्रॅफाइट अधिक, म्हणून या कामास मऊ पेन्सिल घेत.

कृती अशी असे. संगणकाची वीज तोडून प्रक्रियक खोबणीतून काढावयाचा, पृष्ठ स्पिरिटने स्वच्छ करावयाचे, आणि प्रत्येक सेतूच्या दोन टोकांमध्ये पेन्सिल पुनःपुन्हा फिरवावयाची. एका सेतूचे ग्रॅफाइट शेजारच्या सेतूस लागले नाही ना, हे भिंगाने पाहावयाचे. चूक झाल्यास खोडरबराने पुसून पुन्हा आरंभ करता येई. त्यानंतर गुणक निवडण्याची सोय असलेला फलक लागे. ‘आसुस ए७व्ही’ या फलकावर त्यासाठी बारीक खटके होते. ‘अबिट केटी७’ या फलकावर तेच काम संगणक सुरू होतानाच्या मांडणीपटात करता येई.

वेगाची किंमत

कुलूप निघाले, म्हणजे मर्यादा निघाली असे नव्हे. ६०० मेगाहर्ट्‌झ वेगात एका स्पंदास सुमारे १.६७ नॅनोसेकंद मिळतात; तेवढ्या अवधीत प्रकाशही केवळ ५० सेंटिमीटर जातो. ९०० मेगाहर्ट्‌झला हा अवधी १.११ नॅनोसेकंद उरतो, आणि प्रकाशाची मजल ३३ सेंटिमीटर होते. या अवधीत विद्युत्‌संदेशास ट्रान्झिस्टरांच्या लांब साखळीतून पार व्हावयाचे असते. तो वेळेत पोचला नाही, तर पुढील पायरी चुकीचा आकडा उचलते. संदेश लवकर पोचावा म्हणून विद्युद्दाब वाढवितात. आणि येथून खर्चाचा हिशेब सुरू होतो.

अशा मंडलातील उष्णता मुख्यतः वेगाच्या प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग दीडपट केला आणि दाब १.५ व्होल्टवरून १.७५ व्होल्टवर नेला. दाबाच्या वर्गामुळे उष्णता १.३६ पट होईल, आणि वेगामुळे तिची आणखी दीडपट, एकंदर २.०४ पट. वेग दीडपट, पण उष्णता दुपटीहून अधिक! उष्णता बाहेर टाकणारा धातूचा फणा व पंखा त्या मानाने समर्थ नसल्यास प्रक्रियक टिकणार नाही. ड्युरॉन व थंडरबर्ड यांच्या सिलिकॉनमध्ये स्वतःचे तापमान मोजून आपोआप थांबण्याची सोय नव्हती. फणा नीट न बसविता वीज सुरू केल्यास ते काही सेकंदांत जळत. फणा तिरका दाबला गेल्यास सिलिकॉनच्या उघड्या कडेचा टवका उडून प्रक्रियक निकामी होई, ही आणखी एक आपत्ती.

तशात वेग दीडपट झाल्याने काम दीडपट होतेच असे नाही. स्मृतीचा वेग पूर्वीचाच राहतो. जे काम वारंवार स्मृतीकडून आकडे मागते, त्यास अल्प लाभ होतो. जे प्रक्रियकाच्या पोटातच चालते, त्यास पुष्कळ होतो.

पारख

येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. वाढविलेल्या वेगाने चालणारा संगणक बरोबर उत्तर देतो, हे कशावरून? तो सुरू झाला, पडद्यावर चित्र आले, एवढ्याने खात्री होत नाही. संगणक बंद पडला तर दोष निदान दिसतो. तो बंद न पडता मध्येच एखादा आकडा चुकवू लागला, तर ती चूक हिशेबात, निकालपत्रकात किंवा साठविलेल्या लेखात शिरून बसते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून पारख करण्याची रीत कठोर असावी लागते. गुणक एकदम न वाढविता अर्ध्याच्या पायरीने, म्हणजे एका वेळी ५० मेगाहर्ट्‌झने वाढवितात. प्रत्येक पायरीस ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे दीर्घ गणित संगणकाकडून तासन्‌तास करवितात. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी लिहिलेला ‘प्राइम ९५’ हा कार्यक्रम या कामी प्रसिद्ध आहे. एका आकड्याची चूक झाली तरी तो ती दाखवितो. चूक आढळली की एक पायरी खाली यावे, आणि उन्हाळ्याच्या दिवसांचा विचार करून आणखी एक पायरी खाली उतरून थांबावे. ज्या संगणकावर संस्थेचे हिशेब किंवा नोंदी आहेत, त्यावर हा प्रयोग मुळीच करू नये. कपाटात पडलेला जुना संगणक, आणि तो बिघडला तरी हळहळ वाटणार नाही अशी तयारी, ही या प्रयोगाची खरी सामग्री होय.

पुढील काळ

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ॲथलॉन एक्सपी’ आला. त्याची तबकडी निराळ्या पदार्थाची होती, आणि सेतू छेदताना लेसरने तेथे खोल खड्डे पाडलेले असत. त्या खड्ड्यात ग्रॅफाइट भरल्यास खालच्या धातूच्या थराशी त्याचा संपर्क येई. म्हणून प्रथम अवाहक गोंदाने खड्डा बुजवून वरून चांदीयुक्त वाहक रंगाची रेघ ओढावी लागे. २००३ च्या उत्तरार्धापासून गुणक प्रक्रियकाच्या आतच बांधला जाऊ लागला, आणि पृष्ठावरील रेघांचा उपाय संपला. पुढे कारखानदारांनी मोकळ्या गुणकाचे प्रक्रियक स्वतःच वेगळे विकण्यास आरंभ केला. इंटेलने २०११ च्या जानेवारीत आणलेले २५००के व २६००के हे त्यांपैकी होत. त्या पिढीत जवळजवळ सर्व भाग एकाच मूळ ठेक्यास बांधलेले असल्यामुळे तो फारसा वाढविता येत नसे, आणि गुणक हाच मुख्य मार्ग उरला होता.

आजचे प्रक्रियक आपले तापमान, विद्युद्दाब आणि कामाचा भार स्वतः मोजून आपला गुणक क्षणाक्षणाला बदलतात. एकेकाळी पेन्सिल घेऊन मनुष्य जे अदमासाने करीत होता, ते यंत्र आता मापाने करते. परंतु स्पंदाचा अवधी, दाबाचा वर्ग आणि उष्णता यांचा हिशेब तोच राहिला आहे. विद्यार्थ्यांनी १.५ व १.७५ यांच्या जागी निराळे आकडे घालून तो स्वतः मांडून पाहावा. कोणत्याही पिढीचा संगणक पुढे असला, तरी त्याचा वेग वाढविणे कोठे परवडते आणि कोठे परवडत नाही, याचा स्थूल अंदाज त्यावरून बांधता येईल.