खोलीचे 2 कोटी 80 लाख सूर

पुण्यातल्या धायरीत नव्या इमारतीत फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलेली माणसं नळ सोडून पाहतात, फरशी ठोकून पाहतात, खिडक्या सरकवून पाहतात. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी मात्र कुणी वाजवत नाही. वाजवावी. त्या एका टाळीनंतर खोलीत जे घडतं त्याचे आकडे थक्क करणारे आहेत.

खोली दहा बाय बाराची धरू, स्लॅब 10 फुटांवर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. या खोलीत एका आघातापासून दुसऱ्यापर्यंत त्याला सरासरी सव्वादोन मीटरसुद्धा मिळत नाहीत. म्हणजे टाळीचा आवाज भिंती, फरशी आणि छतावर सेकंदाला सुमारे 160 वेळा आदळतो. सिमेंटचा गिलावा दर वेळी जेमतेम 3 टक्के आवाज गिळतो असं धरलं, तर मूळच्या 10 लाखाव्या भागापर्यंत उतरायला त्याला साडेचारशेहून जास्त आघात आणि जवळजवळ 3 सेकंद लागतात. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि चार माणसं आत आली की तोच काळ अर्ध्या सेकंदावर येतो. घर ‘लागलं’ की ते शांत वाटतं, ते यामुळे.

पण खरा चक्रावणारा आकडा वेगळाच आहे. प्रत्येक बंद खोलीला तिचे स्वतःचे सूर असतात. ज्या लहरी समोरासमोरच्या भिंतींत नेमक्या बसतात, त्यांना खोली उचलून धरते. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. या पट्ट्यात दहा बाय बाराच्या साध्या खोलीचे असे सूर मोजले, तर ते भरतात सुमारे 2 कोटी 80 लाख! आणि 100 हर्ट्झच्या खाली, जिथे ढोलाचा घुमारा आणि डीजेचा दणका राहतो, तिथे किती? फक्त 8. त्यातही रुंदी आणि उंची दोन्ही 10 फूट असल्यामुळे सुरांच्या दोन जोड्या प्रत्येकी एकाच सुरावर पडतात आणि वेगळे सूर 6 उरतात. रस्त्यावरचा डीजे घरात शिरला की पलंगाच्या एका टोकाला छाती हादरते आणि दोन पावलं सरकलं की जोर ओसरतो, त्यामागे हे मोजके सूर आहेत.

एवढं सगळं चालतं ते किती ऊर्जेवर? साधं बोलताना माणूस वॅटचा सुमारे एक लाखावा भाग आवाजात खर्च करतो. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. ही सगळी माणसं एकाच क्षणी बोलू लागली, तरी त्या आवाजाची शक्ती भरेल 1,100 वॅटच्या आसपास. एवढ्यात एक इस्त्री तापते.

मग ऐकू येतं ते कानाच्या कर्तबगारीमुळे. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे 95,000 पास्कल असतो. त्यात 475 कोटींत एक इतका फरक पडला, तरी निरोगी तरुण कान तो टिपतो. त्या वेळी कानाचा पडदा एका अणूच्या रुंदीइतकाही हलत नाही. असल्या यंत्राला आपण काय ऐकवतो? ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवली आहे. पुण्याच्या गणपती विसर्जन मिरवणुकीत सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या मोजणीत आवाज 100 डेसिबलच्या पुढे गेलेला आहे. 45 आणि 100 हे आकडे ऐकायला दुपटीचे वाटतात. प्रत्यक्षात आवाजाची तीव्रता 3 लाख पटींहून जास्त वाढलेली असते.

इमारत चांगली असेल तर किती थोड्या आवाजात भागतं, हे विजापूरचा गोलघुमट दाखवतो. आपल्या कोकणातल्या दाभोळच्या याकूतने बांधलेली ही वास्तू 1656ची. घुमट आतून सुमारे 38 मीटर रुंद आहे. अगदी हलक्या कुजबुजीत वॅटचा 100 कोटीवा भाग इतकीच शक्ती असते. मोकळ्या माळावर 38 मीटरवर ती ऐकू येण्याच्या मर्यादेच्याही 18-20 पट खाली जाईल. घुमटाच्या सज्जात मात्र ती गोल भिंतीला धरून सरकते, चहूकडे विखुरत नाही आणि अर्धा फेरा 60 मीटरचा असूनही समोरच्या माणसाच्या कानी पडते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अशाच सज्जाचा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली अभ्यास केला होता.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. 30 मीटर लांब, 15 रुंद, 5 उंच असा एक मंगल कार्यालयाचा हॉल घ्या. वर उघडा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. वरच्याच हिशेबाने रिकाम्या हॉलमध्ये आवाज जवळजवळ 9 सेकंद घुमत राहील. गुरुजींचं एक अक्षर विरायच्या आत पुढची कितीतरी त्यावर चढतात. मंगलाष्टकांतला शब्द कळत नाही म्हणून कुणीतरी स्पीकर वाढवायला सांगतं. पण स्पीकरची शक्ती दुप्पट केली तर 3 डेसिबल मिळतात आणि घुमारा तितकाच वाढतो. शब्द आहे तिथेच बुडालेला राहतो.

आवाज घुमण्याचा हा हिशेब अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी मांडला. 1895 साली हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन रात्री नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून रचत, मोजमाप करत आणि सकाळपूर्वी परत नेऊन ठेवत. त्यातून निघालेलं सूत्र शाळकरी मुलालाही सोडवता येईल इतकं सोपं आहे.

त्याच सूत्राने आपल्या हॉलच्या फक्त छताला 70 टक्के आवाज शोषणाऱ्या फळ्या लावून पाहा. 9 सेकंद जवळपास 1 सेकंदावर येतात. म्हणून सोसायटीचा हॉल, शाळेचं सभागृह किंवा मंगल कार्यालय बांधणाऱ्या प्रत्येक समितीला कळकळीची विनंती आहे: नवे स्पीकर घेण्याआधी ते पैसे छताला लावा.